अप्पांच्या हेरल्डची चासी

बेळगाव,
विसर्जनानंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. परवा तुझा फोन आईने उचलला आणि "तो गाडीखाली हाय" असं सांगून ठेवून दिला. त्यानंतर तुझे सात मिस्ड कॉल पाहिले तेव्हा लक्षात आलं, तुला वाटलं मी कुणाच्या तरी चाकाखाली गेलो. तसं काही नाही. मी अप्पांच्या जुन्या हेरल्ड गाडीखाली गोणपाटावर उताणा पडून गंज खरवडत होतो. तू शिव्या घातल्यास त्या वसूल. आता सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट फोनवर सांगायची नाही, आणि मला तुझं मतही पाहिजे.

तुला शेवटची आठवते ती कॉलेजच्या वेळची, डावा मडगार्ड तू जांबोटी रोडच्या मोरीवर चेपवलास तेव्हाची. अप्पा गेल्यावर मी ती खानापूरच्या घरी नेऊन गोठ्याला लागून असलेल्या छपरात लावली. "एकदा सवडीनं काढू" म्हणत चौदा पावसाळे गेले, आणि खानापूरचा पाऊस तुला माहीत आहे. खाली मातीची जमीन, एका अंगाला म्हशींचं मूत. लोखंडाला याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. मेमध्ये ट्रॉलीवर ढकलतच चढवून बेळगावला आणली.

आता मुद्दा चासीचा, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी चौकटीचा. अँबॅसेडर किंवा फियाट असती तर हे पत्र निम्मं झालं असतं, कारण त्यांना वेगळी चासीच नाही, पत्र्याचा सांगाडा हीच गाडी. हेरल्डचं तसं नाही. ट्रायम्फवाल्यांनी इंग्लंडात १९५९ साली ती काढली तेव्हा खाली वेगळी चासी ठेवली आणि वरची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर बसवली. मद्रासला स्टँडर्ड कंपनीने पुढे तीच बनवली, वर चार दारांची मार्क थ्री फक्त आपल्याकडे काढली. अप्पांची तीच, १९६९ची. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडून जुनी घेतलेली, नंबर अजून म्हैसूर राज्याचा. पुढचं अख्खं तोंड मडगार्डांसकट उघडायचं आणि आपण चाकावर बसून अप्पांना पाने द्यायचो, आठवतं ना?

तर चासी म्हणजे मधून जाणाऱ्या दोन पोकळ पट्ट्या, आणि त्यांना बाजूला फुटलेले आडवे हात, ज्यांवर बॉडी टेकते. हात गेले तर दार उतरतं. मधल्या पट्ट्या गेल्या तर गाडी गेली. मागचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना वाटणारी गिअरपेटी, तिथंच बोल्टने धरलेलं, त्याच्या डोक्यावर आडवी पाट्याची स्प्रिंग. मागच्या चाकांचा सगळा जोर तिथे येतो.

हात गेले आहेत, त्यात वाद नाही. ड्रायव्हरचं दार उचलून लावावं लागत होतं तेव्हाच कळायला हवं होतं. उजवीकडचा मागचा हात तर स्क्रू ड्रायव्हरने टोचला आणि पापडासारखा आत गेला. पण मला दोन दिवस झोप लागली नाही ती मधल्या पट्टीमुळे. वरून बघशील तर काळीभोर, गुळगुळीत. हातोडीने ठोकत गेलो. पुढे टण् टण् आवाज, डिफरन्शियलच्या वीतभर अलीकडे आल्यावर एकदम भद्द. ओल्या मडक्यावर मारल्यागत. खरवडलं तर बोटभर जाडीचं डांबर निघालं, थरावर थर, आणि त्याखाली पत्रा पानापानांनी सुटत होता.

हे डांबर अप्पांचं. दर मेअखेरीस मृगाच्या आधी गाडी मलप्रभेत नेऊन धुवायची आणि दुसऱ्या दिवशी खालून डांबर मारायचं, हा त्यांचा नेम. ब्रश धरायला मी. त्या पट्ट्यांना खालून पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. त्या सगळ्या भोकांवर आम्ही दोघांनी डांबर फासलेलं. नदीचं पाणी आत, वर झाकण. बाहेरून पावसाचा एक थेंब लागला नाही आणि आतून ती वर्षानुवर्षं सडत राहिली. मोहल्ल्यात अप्पांसारखी गाडी कुणी जपली नाही, आणि छपरात जाण्याआधीच ती निम्मी संपली होती. आईला हे सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.

मग मोजमाप घेतलं. चारी चाकं ठोकळ्यांवर, ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या खुणा, आणि कर्ण मोजले. पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर साडेएक्क्याण्णव इंच असायला पाहिजे. डावीकडे बरोबर. उजवीकडे पाव इंच कमी. तू म्हणशील पाव इंचाने काय होतंय. वेल्डिंगवाले मामा हसले नाहीत, त्यावरून मला कळलं.

मामा उद्यमबागेतले. दिवसभर हायड्रोलिकच्या टाक्या जोडतात, संध्याकाळी असली कामं. त्यांचं म्हणणं सरळ: "वरून पट्टी मारून देऊलालो म्हणणारे धा मिळतील. गंजावर वेल्डिंग धरत न्हाई, कडेनं फाटतंय." म्हणजे चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं, पट्टी आतून उघडी करायची, सोळा गेजचा (साधारण दीड मिलिमीटर जाडीचा) पत्रा वाकवून तसाच्या तसा तुकडा घालायचा. जाड नको, जाड घातला तर शेजारचा पातळ पत्रा तडकतो. आणि बॉडी उचलायची नाही. ती वर बसलेली असतानाच, दारांच्या फटी बघत, एका वेळी एकच हात बदलायचा. सगळे एकदम कापले तर चासी लोळणार. पेट्रोलची टाकी तेवढी आधी काढायची. हेरल्डची टाकी डिकीत असते, हे मला मामांनीच आठवण करून दिली.

दुसरी वाट आहे. कोल्हापुरात एकाकडे हेरल्डची सुटी चासी पडलीय, फोटोत तरी कोरडी दिसते. मामांच्या वेल्डिंगपेक्षा स्वस्त. बायको म्हणते आणा, बसवा, मोकळे व्हा. पण तिचा नंबर वेगळा, कागद महाराष्ट्रातले, ते असतील तर. कोगनोळी नाका ओलांडून ती इकडे आणायची आणि इथल्या आरटीओत सांगायचं की गाडी तीच पण चासी दुसरी! आपल्या हद्दीत साधा उतारा मराठीत मागितला तरी काय होतं ते तू जाणतोस. शिवाय २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले, त्यात पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसावा असं आहे. तशी नोंद केली तर रोज फिरवता येत नाही हा भाग वेगळा. मला रॅलीत मिरवायची नाही. आईला घेऊन कणकुंबीला माउलीच्या देवळात जाऊन यायचं आहे, एवढंच.

तिसरी वाट भंगाराची. एकजण दारात येऊन बोली लावून गेला. त्याला फक्त इंजिन आणि पुढचं तोंड पाहिजे. उरलेलं तुमचं, म्हणाला.

मामांशी ठरलंय ते असं. गुरुवारी उजव्या पट्टीला डिफरन्शियलजवळ तळहाताएवढी खिडकी कापायची आणि आत बघायचं. आतला पत्रा निम्म्याहून जास्त शिल्लक असेल, आणि डिफरन्शियलच्या बोल्टांची बूड घट्ट असेल, तर दुरुस्ती. हातांसकट सत्तर हजारांपर्यंत जाईल असा त्यांचा अंदाज, म्हणजे लाख धर. नसेल तर मी हट्ट करणार नाही, कारण त्या गाडीत आईला बसवायचं आहे. तसं झालं तर भंगारवाल्याला नाही, हुबळीच्या एका हेरल्डवाल्याला सुटे भाग देईन. कोल्हापूरची चासी मात्र नको असं माझं मन म्हणतं. का ते मलाही नीट सांगता येत नाही, म्हणून तुला विचारतोय.

बाकी ठीक. कुंदा पाठवला होता तो पोचला का ते तू अजून कळवलं नाहीस. आणि दिवाळीला येशील तेव्हा पुण्याच्या जुन्या बाजारात दारांची रबरं मिळतात का बघ, हेरल्डची नसली तरी त्या घेराची चालतील. गुरुवारी खिडकी कापून झाली की रात्री फोन करतो. तोवर रबरं घेऊ नकोस.

तुझा,
मडगार्ड अजून न विसरलेला मित्र