डिझेलचा दर आणि मतदानाची तारीख

मा. संपादक,

‘आजच्या काळात डिझेल गाडी बाळगणारा वेडाच म्हणायचा’ अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. मी त्या वेड्यांपैकीच एक. औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून गोव्यातले डिचोली, सत्तरी, पेडणे आणि हद्दीपलीकडचे महाराष्ट्रातले दोडामार्ग-सावंतवाडी हा माझा पट्टा. कंपनी किलोमीटरमागे ठरावीक भत्ता देते. तो वर्षानुवर्षे जागचा हलत नाही आणि पंपावरचा आकडा मात्र हलत राहतो. मधली तूट माझ्या खिशातून जाते. त्यामुळे गाडी अ‍ॅव्हरेज किती देते, यावर आमच्या घरात किराणा मालाच्या यादीइतकीच चर्चा होते.

२०१२ च्या सुरुवातीला मी डिझेल हॅचबॅक घेतली. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले होते, डिझेलचे अजून सरकारच्या हातात होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले तेव्हा डिझेल ४१ च्या आत होते. डिझेल गाडी लाखभराने महाग पडे, पण रोज फिरणारा माणूस तेवढे पैसे आरामात वसूल करी. आमच्या गोव्यात मात्र वेगळेच झाले. गाडी दारात उभी राहते न राहते तोच मनोहर पर्रीकरांनी अर्थसंकल्पात पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि एप्रिलपासून पेट्रोल सुमारे ११ रुपयांनी उतरले. डिझेलला ती सवलत नव्हती. पेढे मागायला आलेले शेजारी हसतच आले!

तरीही मला डिझेलचा पस्तावा नाही, आणि त्याचे श्रेय इंजिनाला. १.३ लिटरचे हे इंजिन मूळ फियाटचे, पुण्याजवळच्या रांजणगावला आणि मारुतीसाठी हरियाणातल्या मानेसरलाही बनायचे. मारुती, टाटा आणि खुद्द फियाट अशा तिघांच्या गाड्यांत ते बसे. म्हणून साखळीच्या मेकॅनिकला ते तोंडपाठ आहे आणि सुटे भाग अजून मिळतात. एसी लावून चोर्ला घाट चढतानाही ते कुरकुरत नाही. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच जास्त, त्यात इंजिनात दाब जास्त असल्याने ती वाया कमी जाते. साखळी-वाळपईच्या वळणांवरही मला लिटरला अठराच्या खाली कधी आलेले आठवत नाही. पावसाळ्यात तेवढी एक कटकट असते. फिल्टरमध्ये साठलेले पाणी काढावे लागते. मेकॅनिक कापलेली बिसलेरीची बाटली खाली धरतो, बूच सैल करतो. पिवळट डिझेल वर तरंगते आणि तळाशी चमचाभर पाणी बसते. मग पंप हाताने दाबून हवा काढायची, की गाडी पुन्हा रस्त्यावर.

असे इंजिन बाजारातून गेले कसे? धूर हे एक कारण, आणि ते रास्तच आहे. डिझेलची काजळी फुफ्फुसांना वाईट. डॉक्टरांच्या दारात बसून पोट भरणाऱ्या मला ते कोणी वेगळे सांगायला नको. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष आले, काजळी अडवणारा महागडा फिल्टर लहान गाडीच्या किमतीत बसेना आणि मारुतीने डिझेलच बंद केले. पण ग्राहक त्याआधीच पांगू लागला होता, तो करामुळे. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा पन्नास पैशांनी वाढू लागले, ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. पुढे कच्चे तेल शंभर डॉलरवरून जानेवारी २०१६ मध्ये तिसाच्याही खाली आले. त्याचा फायदा पंपावर किती पोचला? २०१४ च्या एप्रिलमध्ये डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरला ३.५६ रुपये होते. मे २०२० मध्ये ते ३१.८३ झाले. पुढच्याच महिन्यात दिल्लीत डिझेल पेट्रोलहून महाग विकले गेले. ‘डिझेल स्वस्त’ म्हणून सरकारी दराच्या भरवशावर लाखभर जादा मोजलेल्यांना कोणी विचारले नाही.

दर बाजार ठरवतो, असे आपल्याला सांगतात. जून २०१७ पासून ते रोज बदलतात, असेही सांगतात. मग ४ नोव्हेंबर २०२१ पासून साडेचार महिने ते का गोठले? तेव्हा केंद्राने शुल्क कमी केले, गोवा सरकारनेही दोन्ही इंधनांवर ७ रुपये उतरवले. १४ फेब्रुवारीला आम्ही विधानसभेसाठी मतदान केले. मधल्या काळात युक्रेनचे युद्ध पेटून कच्चे तेल आभाळाला भिडले, तरी पंपावरचा आकडा ढिम्म. निकाल १० मार्चला लागला आणि २२ तारखेपासून जवळपास रोज ऐंशी-ऐंशी पैशांपर्यंत चढू लागले. सोळा दिवसांत दहा रुपये! २०२४ मध्येही लोकसभेच्या घोषणेच्या तोंडावर दोन रुपये उतरले. निकालाला महिना होण्याआधीच राज्याने व्हॅट वाढवला, पेट्रोल रुपयाने आणि डिझेल ३६ पैशांनी महागले. रक्कम किरकोळ आहे, मान्य. वेळ पाहा. आणि यात कुठल्या एका पक्षाला नावे ठेवायचे कारण नाही. डिझेल दाबून धरणारे आणि त्यावर कर चढवणारे वेगवेगळे होते.

हद्दीवरच्या पत्रादेवीच्या पंपावर एमएच-०७ च्या, म्हणजे सिंधुदुर्गातल्या, गाड्या टाकी फुल्ल करताना दिसतात, तेव्हा आपल्याकडे स्वस्त आहे म्हणून आपण खूश होतो. सिंधुदुर्गातल्या माझ्या ग्राहक डॉक्टरांचीही त्यावरून थट्टा करून होते. पण ही स्वस्ताई किती दिवसांची, हे कोणी सांगेल का?

माझी मागणी साधी आहे. राज्याने इंधनावरचा व्हॅट बदलायचा तर तो अर्थसंकल्पातच बदलावा आणि पुढचे वर्षभर त्याला हात लावू नये. पंपाच्या पावतीवर नोझलचा क्रमांक छापतात, तिथे त्या लिटरमधला केंद्राचा कर किती आणि राज्याचा किती, हेही छापावे. २०२७ मध्ये माझ्या गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण होतील. फिटनेस करून तिचीच पुन्हा नोंदणी करायची की दुसरी घ्यायची, हे तेव्हा ठरवावे लागेल. गोव्यात विधानसभेची निवडणूकही त्याच वर्षी येते. डिझेलचा निवडणुकीनंतरचा दर कळल्याखेरीज मी शोरूमची पायरी चढणार नाही.

आपला,
एक औषध विक्री प्रतिनिधी, डिचोली