शुल्क घेऊनही ओपन ॲक्सेस लेख वाचकांना बंद ठेवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, लेखक सेवा विभाग,
वैद्यकीय नियतकालिक प्रकाशन कंपनी

विषय : ओपन ॲक्सेसचे शुल्क घेऊन लेख सशुल्क ठेवणे व चुकीचा परवाना लावणे याबाबत.

महोदय,

आमच्या धर्मादाय रुग्णालयाच्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी विभागाचा लेख आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. मधुमेही रुग्णांच्या गुडघ्याखालील बंद पडलेल्या धमन्या, पाय कापण्याची वेळ येऊ नये म्हणून, कॅथेटर व बलूनच्या साहाय्याने उघडण्याचा आमचा अनुभव त्यात मांडला आहे. लेख स्वीकारल्यावर आपण मागितलेले ओपन ॲक्सेसचे, म्हणजे लेख सर्वांना विनामूल्य वाचता यावा यासाठीचे, संपूर्ण शुल्क विश्वस्त मंडळाने भरले असून त्याची पावती आपणच पाठवली आहे. करारात सीसी बाय परवाना नमूद आहे. म्हणजेच मूळ लेखकांना श्रेय देऊन कोणीही हा लेख विनामूल्य वाचू शकतो, उतरवून घेऊ शकतो आणि त्यातील चित्रे शिकवण्यासाठी वापरू शकतो.

प्रत्यक्षात आपल्या संकेतस्थळावर सारांश संपताच लेख विकत घेण्याचे बटण येते. अनुक्रमणिकेत लेखापुढे ओपन ॲक्सेस दर्शवणारे उघड्या कुलपाचे नारिंगी चिन्ह आहे, पण पीडीएफच्या पहिल्या पानाच्या तळाशी सर्व हक्क कंपनीकडे राखीव असल्याची ओळ छापली आहे. तिसऱ्या आकृतीत पोटरीमागची धमनी उपचारापूर्वी मध्येच तुटल्यासारखी दिसते आणि उपचारानंतर पावलाच्या कमानीपर्यंत भरलेली दिसते. परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी ही आकृती वापरू इच्छिणाऱ्या एका अध्यापकांकडे आपल्या परवानगी विभागाने पैसे मागितले. त्या प्रतिमा शिक्षणासाठी खुल्या राहतील असे सांगून आम्ही रुग्णाची लेखी संमती घेतली होती, त्यामुळे त्यांची अशी विक्री आम्हाला मुळीच मान्य नाही.

आपल्या मदत कक्षाने असे कळवले की, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या, संशोधन नियतकालिकांची वर्गणी केंद्र सरकारने एकत्रितपणे भरण्याच्या योजनेमुळे भारतातील वाचकांची अडचण होणार नाही. हे उत्तर आम्ही स्वीकारू शकत नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ही योजना शासकीय उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. तालुक्याच्या गावी मधुमेही पायाची जखम पाहणारे खासगी डॉक्टर तिच्यात येत नाहीत, आणि रुग्णाला वेळेवर पुढे पाठवायचे की नाही हे बहुतेक वेळा तेच ठरवतात. शिवाय ज्या लेखाचे पैसे लेखकांनी आधीच भरले आहेत, तो पुन्हा वर्गणीच्या आड ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणत्याही योजनेमुळे मिळत नाही.

या शाखेत खुलेपणाला किती किंमत आहे, हे आपल्याला ठाऊक असायला हवे. पायाची धमनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेल्या बलून व स्टेंटमुळे दीर्घकाळात मृत्यूचे प्रमाण वाढत असावे, अशी शंका डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ओपन ॲक्सेस नियतकालिकातील विश्लेषणाने उपस्थित केली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने डॉक्टरांना सावध केले आणि अधिक माहिती तपासल्यानंतर जुलै २०२३ मध्ये, उपलब्ध पुराव्यावरून तसा वाढीव धोका दिसत नाही, असे जाहीर केले. मधल्या काळात रुग्णाचे नातेवाईक बलूनबद्दल विचारत, तेव्हा लहान रुग्णालयातील डॉक्टरलाही मूळ आकडे स्वतः वाचून उत्तर देता येत होते, कारण तो लेख खुला होता.

तरी लेख तत्काळ सर्वांसाठी खुला करावा. संकेतस्थळ, पीडीएफ आणि क्रॉसरेफ या लेखांची माहिती नोंदवणाऱ्या संस्थेकडील नोंद या तिन्ही ठिकाणी सीसी बाय परवाना दुरुस्त करावा. दुरुस्तीची सूचना नियतकालिकात प्रसिद्ध करावी. आणि दरम्यान लेखासाठी किंवा आकृतीसाठी ज्यांच्याकडून पैसे घेतले असतील त्यांना ते परत करावेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कार्यवाही न झाल्यास संपूर्ण शुल्क परत मागून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल.

आपले विश्वासू,
लेखकांच्या वतीने,
इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी विभाग

सोबत : शुल्काची पावती, परवाना कराराची प्रत, संकेतस्थळाच्या पानांची छायाचित्रे, मदत कक्षाचे उत्तर.