वेलींच्या जाणत्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या कुंपणावरची गणेशवेल आणि जाळीवरची मॉर्निंग ग्लोरी या हंगामात भरभरून फुलली, याचे श्रेय आपल्या मार्गदर्शनाला आहे. इतर बागप्रेमींनाही ते उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

वेल लावण्याआधी ती कशी चढते हे पाहावे, हा आपला सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो. गणेशवेल आणि मॉर्निंग ग्लोरी यांचे खोडच आधाराभोवती वेढे घेत जाते, त्यामुळे त्यांना उभी सुतळी किंवा काठी पुरते. स्वीट पी मात्र पानाच्या टोकाला फुटणाऱ्या नाजूक तणाव्यांनी चढते आणि ते तणावे जाड बांबूला धरू शकत नाहीत, म्हणून तिला बारीक जाळीच हवी. नॅस्टर्शियमच्या चढणाऱ्या जाती तर पानांच्या देठांनी आधार पकडतात. एकाच हंगामात उगवून, फुलून, बी धरून संपणाऱ्या या वेलींना आधार उशिरा मिळाला तर गेलेले दिवस भरून निघत नाहीत, हे आपण किती आस्थेने समजावले होते!

मॉर्निंग ग्लोरीचे कठीण बी पॉलिश पेपरवर हलकेच घासून रात्रभर पाण्यात भिजवायचे आणि मुळे दुखावू नयेत म्हणून थेट कायमच्या जागीच पेरायचे, हेही आपणच शिकवले. नत्रयुक्त खताचा हात आखडता ठेवण्याचा आग्रह मला आधी कठोर वाटला होता. पण नत्र जास्त झाले की वेल पानांनीच माजते आणि फुले मागे पडतात, हे कारण कळल्यावर तो पूर्णपणे पटला.

स्वीट पीची सुकू लागलेली फुले वेळीच खुडली, तर वेल बी धरण्यात शक्ती न घालवता पुन्हा कळ्या काढते, हेही अनुभवाला आले. तिच्या शेंगा खाण्याच्या वाटाण्यासारख्या दिसतात, पण बी विषारी असते, आणि मॉर्निंग ग्लोरीचेही तसेच. घरात लहान मुले असल्याने ही सूचना आपण आवर्जून दिलीत, त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे.

गणेशवेलीची काही बोंडे मुद्दाम ठेवली आहेत. ती वाळून तपकिरी झाली की त्यांतले बी आपल्याकडे घेऊन येईन.

आपली कृतज्ञ,
एक बागप्रेमी