बोट अजून निघालेली नाही, एवढंच सांगायला फोन करणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात हे परवा कळलं. तुमच्या अग्निशमन दलातल्या एका मुलानं निरोप समारंभाचे फोटो पाठवले. शाल, श्रीफळ, मागे धुऊनपुसून उभा केलेला बंब. भाषणांत तुमच्या नोकरीतल्या मोठमोठ्या आगी निघाल्या म्हणे. सांगलीच्या पुराचं नाव कुणी काढलं नाही. काढणार तरी कोण? तुम्ही सांगलीत कुणाला खांद्यावर घेऊन पाण्यातून बाहेर काढलं नव्हतं, पेपरात तुमचा फोटो आला नव्हता. तुम्ही एका खोलीत टेबलाशी बसून फोन घेत होता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. नाव घालत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं. तिथे 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका. 2005 ला ते 53 फुटांच्या पुढे गेलं होतं आणि आमच्या गावभागात म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात तीच खूण होती. या वेळी नदीनं ती खूण कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. मी, हे, धाकटी मुलगी आणि अण्णा, माझे सासरे. अण्णांचं खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांना कोरड्या जिन्यावरून उतरवायलाच चार माणसं लागायची. वीज गेली, टाकीतलं पाणी संपत आलं, आणि खाली जिन्याची एकेक पायरी दिसेनाशी होत गेली.

तुमच्याशी बोलणं होण्याआधी आम्ही ज्या ज्या नंबरांवर फोन लावले त्यांच्याबद्दल लिहू नकोस, असं हे म्हणतात. मी लिहिणार. दर वेळी नवा आवाज आणि दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. नाव सांगा, पत्ता सांगा, माणसं किती. मग ‘लिहून घेतलंय’ आणि फोन बंद. एकदा तर ‘बोट सोडलीय, दहा मिनिटांत पोचेल’ असं सांगितलं. आम्ही अण्णांना प्लास्टिकच्या खुर्चीला ओढणीनं बांधलं, शेजारच्यांच्या मदतीनं खालच्या वळणापर्यंत आणलं, आणि तिथे पाण्याच्या वर जेमतेम वीतभर अंतरावर बसून राहिलो. अंधार पडला. अण्णा थंडीनं कुडकुडायला लागले तेव्हा त्यांना परत वर नेलं. पुन्हा फोन केला, तर पलीकडच्याला कुठल्याच बोटीची खबर नव्हती. बोट आली नाही याचा राग मी कधीच धरला नाही. पाणी अफाट होतं आणि बोटी मोजक्या होत्या, हे आम्हाला गच्चीवरून दिसत होतं. पण ती दहा मिनिटं मी अजून विसरलेली नाही. म्हाताऱ्या माणसाला जिन्यात बसवून ठेवणारी ती थाप होती. फोन ठेवायची घाई, बाकी काही नाही. आणि त्याच दिवसांत बोटीत उभं राहून मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ काढणारेही आम्ही बघितले. त्या बोटीत माणसांची जागा होती.

मग तुमचा फोन आला. आम्ही लावलेला नाही, तुम्ही केलेला. ‘ताई, तुमच्या नावाच्या वर्दीचे, म्हणजे मदत मागितल्याच्या नोंदीचे, माझ्यासमोर तीन-चार वेगळे कागद आहेत. सगळे एकाच घरचे ना? तेवढं नक्की करायला फोन केला.’ त्या वाक्यानं मला रडू आलं. कुणीतरी ते कागद एकमेकांशेजारी ठेवून बघितले होते.

तुम्ही फार विचारलं नाही, पण जे विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. कंपाउंडच्या भिंतीवर लोखंडी भाले आहेत का, आणि ते पाण्याखाली गेलेत का? विजेच्या तारा बोटीतल्या माणसाच्या डोक्याला लागतील इतक्या खाली आहेत का? गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या वर काय दिसतंय? गल्लीचं नाव तुम्हाला नकोच होतं. नावाची पाटी पाण्यात होती आणि येणारी मुलं बाहेरगावची. माझी मुलगी खिडकीतून वाकून सांगत होती, कोपऱ्यावर जांभळी इमारत आहे, तिच्या गच्चीवर दोन काळ्या टाक्या आहेत, एका टाकीला झाकण नाही. तुम्ही म्हणालात, ‘झाकण नसलेली टाकी. झालं, सापडेल.’ भाले होते आणि बुडालेलेही होते. रबरी बोट त्यांच्यावर गेली असती तर फाटली असती, हे आम्हाला तेव्हा सुचलंही नव्हतं.

आणि मग तुम्ही जे बोललात त्यासाठी हे सगळं पत्र आहे. ‘ताई, आत्ता माझ्याकडे बोट नाही. खोटं सांगणार नाही. फोन बंद करून ठेवा, चार्जिंग वाचवा. आठ वाजता पाच मिनिटं चालू करा, मी फोन करतो.’

आठ वाजता फोन वाजला. ‘बोट अजून निघालेली नाही. तुमच्या आधी एक बाळंतीण आहे आणि एक डायलिसिसचे पेशंट. दहाला परत करतो.’ दहाला पुन्हा वाजला. बोट नव्हतीच. अण्णांनी गोळी घेतली का, एवढं विचारलंत. बाराला आवाजावरून कळत होतं की तुमचा घसा बसलाय.

दादा, तुम्हाला कदाचित हे क्षुल्लक वाटत असेल. त्या संध्याकाळी आमच्या घरात काय चाललं होतं ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, आज सांगते. ह्यांनी ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून तिला नायलॉनची दोरी बांधली होती. पोहत मारुती चौकापर्यंत जायचं आणि कुणाला तरी घेऊन यायचं, असं ठरवून ते शर्ट काढून उभे होते. मी अडवत होते, मुलगी रडत होती, अण्णा काहीच बोलत नव्हते. पाण्याला किती ओढ होती ते खालून वाहत जाणाऱ्या गॅसच्या टाक्यांवरून दिसत होतं. तेवढ्यात तुमचा तो पहिला फोन आला. आठपर्यंत थांबू, म्हणाले. आठला म्हणाले, दहापर्यंत थांबू. त्यांना थांबवणं मला जमलं नव्हतं, ते तुमच्या ‘अजून नाही’नं जमवलं. बोटीपेक्षाही त्या रात्री आम्हाला खरी बातमी हवी होती.

त्याच पुरात, 8 ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावातली बोट उलटली. बोटीत नको तेवढी माणसं बसली होती. बायका, लेकरं गेली. ती बातमी ऐकल्यापासून मी एकच विचार करते. वाट बघणारा माणूस आपल्याला विसरलेत असं समजला की मिळेल त्या साधनानं पाण्यात उतरतो. त्याला कुणी मूर्ख म्हणू नये.

नंतर हिवाळ्यात आम्ही तुमच्या गावी आलो. शाल तुम्ही घेतली नाहीत, भडंगाची पिशवी तेवढी ठेवून घेतलीत. चहा घेताना तुम्ही जे सांगितलंत ते मी घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं. सांगलीहून मदतीची मागणी आली तेव्हा तुमच्याकडे सगळे बोटी आणि इंजिनं ट्रकवर चढवायच्या मागे होते. तुमच्या साहेबांनी विचारलं, फोन कोण उचलणार? बोटींबरोबर नियंत्रण कक्षातली माणसंही गेली पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. जिथे पूर आहे तिथला कक्ष आधीच बुडत आलेला असतो. तिथली माणसं झोपलेली नसतात, त्यांची स्वतःची घरं पाण्यात असतात, आणि त्यात बाहेरून आलेली पथकं येऊन विचारतात, आम्ही कुठे जाऊ? तसंच झालं होतं. पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून एनडीआरएफ आली होती, लष्कर होतं, नौदल होतं, गावोगावची अग्निशमन दलं होती, कुणाकुणाच्या खासगी बोटी होत्या. एकाचा वायरलेस दुसऱ्याला ऐकू येत नव्हता. एका गल्लीत तीन बोटी जायच्या आणि पुढच्या गल्लीत एकही नाही. त्या गर्दीत तुम्ही एक टेबल मागून घेतलं, भिंतीवर प्रभागांचा नकाशा चिकटवला, प्रत्येक वर्दीला एक नंबर दिला आणि प्रत्येक बोटीत आमच्या गणेश मंडळांतला एकेक पोरगा बसवला, म्हणजे पाण्याखालचा रस्ता ओळखणारं कुणीतरी बोटीत असेल. डिझेल-पेट्रोल, दोर, टॉर्च, तीन दिवसांचं जेवण तुम्ही घरून घेऊन आला होता. ज्यांना मदत करायची त्यांच्याच दारात जेवायला उभं राहायचं नाही, असं तुम्ही म्हणालात. आणि तुमच्या गावात आग लागली तर? तेवढे बंब आणि तेवढी माणसं मागे ठेवूनच निघाला होता.

हे सगळं मला नवं होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की या कामाची एक रीतसर पद्धत आहे. कॅलिफोर्नियात 1970 साली वणवे पेटले, ठिकठिकाणची दलं धावून आली आणि एकमेकांशी बोलता न आल्यानं हतबल झाली. त्यातून हुकूम कुणाचा, बाहेरून आलेल्यांनी आधी कुठे जमायचं, काम कुणी वाटून द्यायचं याची घडी बसवली गेली. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानंही 2010 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं छापली. म्हणजे 2019 च्या नऊ वर्षं आधीपासून ते कागदावर होतं. तुमच्या छोट्याशा दलानं ते वाचून दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी तालीम केली होती, कुणी शाबासकी देणार नाही हे ठाऊक असून. जी मोठी दलं, मोठी कार्यालयं फाइल कपाटात ठेवून बसली त्यांनी तुमच्या गावी जाऊन एक दिवस नुसतं बसावं.

पहाटे बोट आली. पोरांनी अण्णांना खुर्चीसकट अलगद उचललं आणि भाल्यांना वळसा घालून नेलं. मिरजेला नातेवाइकांकडे आम्ही पोचलो तेव्हा फोन चालू केला, तर तुमचाच आला. पोचलात ना, म्हणालात, नंबर कापतो वहीतून. अण्णा त्यानंतर नातवाचं बारसं बघून गेले. शेवटपर्यंत तुमचा विषय निघाला की म्हणायचे, तो माणूस खोटं बोलला नाही.

चांगली माणसं त्या दिवसांत पुष्कळ भेटली. मिरजेत अनोळखी घरांनी अंथरुणं दिली. महाराष्ट्रभरातून चपात्या आल्या, त्यांवर कुणाचं नाव नव्हतं. ज्या मुलांनी बोटी वल्हवल्या त्यांच्यातल्या कित्येकांची स्वतःची घरं बुडालेली होती. सगळ्यांचं ऋण आहे. पण भल्या माणसाला काम नीट लावून देणारा, आणि हातात काही नसताना ‘काही नाही’ असं तोंडावर सांगायची हिंमत असणारा माणूस फार कमी दिसतो.

2021 ला पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या पुढे गेलं. आता पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी आधीच येऊन थांबते, हे मोठंच काम झालं. बोटी वाढल्या, जॅकेटं आली. आम्ही गल्लीतल्या बायका मात्र दर मे महिन्यात एकच विचारतो, फोनवर कोण बसणार, आणि ते परत फोन करणार का? समाधान होईल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

म्हणून एक मागणं आहे. आता तुम्हाला वेळ आहे. मे महिन्यात चार दिवस सांगलीला या. मंडळाची पंधरा-वीस मुलं-मुली तयार आहेत, त्यांना वही कशी ठेवायची, काय विचारायचं आणि काय बोलायचं नाही ते शिकवा. गल्लीतल्या कोणत्या घरात न चालणारं माणूस आहे आणि कोणत्या कंपाउंडला भाले आहेत याची यादी आम्ही बायकांनी करून ठेवली आहे, ती तपासून द्या. वहिनींनाही घेऊन या. राहायची सोय आमच्याकडेच आहे. तारीख तेवढी कळवा, ह्यांना स्टेशनवर पाठवते.

तुमची,
गावभागातली एक बहीण