आधी एक पॅच, मग चौसष्ट

महोदय,
ऐरोलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी अँटेना शिकवते. परवा एका विद्यार्थिनीने २८ गिगाहर्ट्झचा ८ बाय ८ पॅचचा अ‍ॅरे, म्हणजे धातूच्या चपट्या तुकड्यांच्या चौसष्ट छोट्या अँटेनांचा संच, सॉफ्टवेअरमध्ये अख्खाच्या अख्खा उभा केला. दोन पॅचमधलं अंतर जेमतेम ५.४ मिलिमीटर, आकडेमोडीसाठी सॉफ्टवेअर पाडतं ती तुकड्यांची जाळी त्याहून कितीतरी बारीक. संगणकाचा पंखा रात्रभर घरघरत राहिला आणि सकाळी पडद्यावर ‘मेमरी अपुरी’ एवढंच. रडवेली झाली होती पोर. मग आम्ही एकच पॅच घेतला, चारही बाजूंना आवर्ती सीमा लावल्या, म्हणजे हाच पॅच चहूकडे अनंत वेळा येतो असं सॉफ्टवेअरला सांगितलं, आणि बीमचा, म्हणजे लहरींच्या झोताचा, कोन बदलत गेलो. डबा खाऊन होईपर्यंत उत्तर हातात! शेजारच्या पॅचचा परिणाम त्यात आपोआप धरला जातो. कडेच्या पॅचना मात्र एका बाजूला शेजारीच नसतो, म्हणून शेवटी पूर्ण अ‍ॅरे एकदा तपासावा लागतोच.

मोमेंट पद्धतीत, म्हणजे अँटेनावरचे प्रवाह समीकरणं मांडून काढायच्या रीतीत, अज्ञातं दुप्पट झाली की मेमरी चौपट लागते, थेट सोडवायला वेळ आठपट. हे मुलांना बटणं दाबायच्या आधी कळायला हवं. प्रयोगवहीत रंगीत आलेख चिकटवले की गुण मिळतात, याचा मला मनापासून राग येतो. सॉफ्टवेअरचे परवाने महाग असतील तर तारेच्या अँटेनांसाठी एनईसी-२, पॅचसाठी ओपनईएमएस ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. अभ्यासक्रमात एका पॅचवरून अ‍ॅरे काढण्याचा एक तरी प्रयोग सक्तीचा करावा, ही विद्यापीठाला कळकळीची विनंती.

– एक प्राध्यापिका, ऐरोली, नवी मुंबई