आठवीच्या नृत्यतासाला मुलांना आधी पाय टाकायला शिकवावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातील भिंत पाडण्याचा विचार मांडला आणि शालेय शिक्षणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला इतर विषयांच्या पंक्तीत बसवले. कर्नाटक सरकारने पुढे राज्याच्या स्वतंत्र शैक्षणिक धोरणासाठी आयोग नेमला. राष्ट्रीय धोरण बरे की राज्याचे, या वादात मला पडायचे नाही. बेळगाव जिल्ह्यातील माझ्या परिचयाच्या काही माध्यमिक शाळांतून आठवीच्या वेळापत्रकात नृत्याचा तास दिसू लागला आहे, आणि त्या तासात प्रत्यक्षात काय चालते याविषयी हे पत्र आहे.

तास सगळ्या वर्गाचा असतो, पण शिकतात आठ-दहा जण. प्राथमिक शाळेच्या स्नेहसंमेलनात जी मुले चमकली, किंवा ज्यांचे पालक शहरात शिकवणीचे शुल्क भरू शकतात, ती मुले पहिल्याच आठवड्यात निवडली जातात, मोबाईलवर गाणे लावले जाते आणि त्या गाण्यावरचा ‘डान्स बसवणे’ सुरू होते. उरलेला वर्ग भिंतीला टेकून टाळ्या वाजवतो किंवा गणिताचा गृहपाठ उरकतो. वास्तविक हा तास त्या उरलेल्या मुलांसाठीच असायला हवा. ज्याला गणित येते त्यालाच गणिताच्या तासाला बसवण्याची पद्धत कोणत्याही शाळेत नाही. आठवीचे वर्ष हे नृत्यातील आरंभाचे वर्ष मानावे, त्या वर्षी कोणतेही गाणे बसवू नये आणि प्रत्येक मुलामुलीला ताल, पाय आणि उभे राहणे एवढेच, पण नीट शिकवावे, असे माझे म्हणणे आहे.

एवढेच म्हटले तरी ते थोडे नाही. कथकातील तत्काराचे, म्हणजे तालावर पाय टाकण्याच्या मूळ धड्याचे, उदाहरण घेऊ. तीनतालाच्या १६ मात्रा (तालाचे ठोके), चार-चार मात्रांचे चार विभाग आणि ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हे बोल. पहिल्या चार मात्रांना पाय उजवा, डावा, उजवा, डावा असे पडतात. पाचव्या मात्रेच्या ‘आ’वर मात्र पुन्हा डावाच पाय टाकायचा असतो. जन्मभर एकाआड एक पाय टाकत चाललेल्या शरीराला ही गोष्ट सहजासहजी मान्य होत नाही, आणि नवशिकी मुले नेमकी त्याच मात्रेला अडखळतात. यावर जुना उपाय पढंतीचा, म्हणजे बोल म्हणण्याचा, आहे. बोल आधी तोंडाने म्हणायचे, मग पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी व नवव्या मात्रेला खाली (टाळी न वाजवता केलेली हाताची खूण) दाखवत हाताने म्हणायचे, आणि ते अंगवळणी पडल्यानंतरच पाय उचलायचे. चाळीस मुलांच्या वर्गाला ही पद्धत अगदी सोयीची आहे, कारण पढंतीला जागा लागत नाही, ध्वनिक्षेपक लागत नाही आणि बाहेर पावसाने मैदानाचे तळे झाले असले तरी ती बाकावर बसून करता येते. खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर मैदान किती दिवस वापरता येते हे मी येथील वाचकांना सांगायला नको.

भरतनाट्यमकडे वळले तर तेथे पहिली अडचण अरमंडीची येते. गुडघे बाहेरच्या दिशेने वाकवून, पाठ ताठ ठेवून अर्धे बसायचे असते. नवख्या मुलांचे गुडघे आत पडतात आणि कंबर मागे जाते. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच वाकला पाहिजे हे शिक्षकाने रोज, प्रत्येक मुलाजवळ जाऊन पाहायला हवे, कारण तेरा-चौदा वर्षांच्या वाढत्या हाडांना चुकीच्या बैठकीची सवय लागली तर ती पुढे जड जाते. त्यातून आमच्या बहुतेक वर्गखोल्यांची जमीन सिमेंटची किंवा फरशीची असते. तिच्यावर अनवाणी पायाने जोरजोरात पाय आपटायला लावणे किंवा पहिल्याच महिन्यात उड्या मारायला लावणे योग्य नव्हे. चाळीस मिनिटांच्या तासातील पहिली सात-आठ मिनिटे घोटे, गुडघे आणि खांदे मोकळे करण्यात गेली, तर ती वाया गेली असे मुख्याध्यापकांनी समजू नये.

भरतनाट्यम शिकवावे की कथक, हा प्रश्न आमच्या भागात पुष्कळदा मराठी-कन्नड वादाच्या चपला पायात घालूनच बैठकीला येतो. आरंभीच्या वर्षापुरता तो निरर्थक आहे. ताल चुकला तर तो दोन्हीकडे चुकतो.

शिवाय या दोन्हींच्या अगोदर मुलांच्या पायांत जे आहे त्याकडे आपण पाहतच नाही. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत हलगीच्या ठेक्यावर लेझीम खेळणारी मुले याच शाळांतील असतात. निपाणी-चिकोडी भागातील धनगरवाड्यांवरच्या मुलांनी ढोल-कैताळावरचे गजनृत्य लहानपणापासून पाहिलेले असते, गावोगावच्या दिंड्यांतून पावली टाकलेली असते, आणि मुलींनी नागपंचमीला झिम्मा-फुगडी घातलेली असते. लेझमीतील ‘आठ आवाज’ हा प्रकार ज्याला चुकल्याशिवाय करता येतो, त्याला आठ मात्रांचे आवर्तन, म्हणजे तालाचा पूर्ण फेरा, माहीत आहे. ते माहीत आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही, इतकेच. शिक्षकाने पहिल्या महिन्यात शाळेच्या कपाटातील लेझमी बाहेर काढून त्यावरून मात्रा, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आणि लय समजावून द्यावी आणि मग पुढे जावे. वर्गातील कन्नड मुलांना डोळ्ळु कुणिताचा, म्हणजे कर्नाटकातील ढोलनृत्याचा, ठेका येत असेल तर तोही त्याच तासात सर्वांनी शिकावा. लेझीम हा व्यायामप्रकार आहे, नृत्य नव्हे, असे काही शिक्षकांनी मला ऐकवले आहे; त्यांनी एकदा मिरवणुकीतील मुलांचे खांदे आणि माना पाहाव्यात.

पालकांच्या मनातील अढीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले याचा आपल्याला अभिमान आहे आणि मुलगी गाणे शिकते म्हटले की घरात कौतुक होते; तीच मुलगी नाच शिकते म्हटले की आजी-आजोबांचे चेहरे बदलतात. याला कारण आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली देवदासी म्हणून सोडण्याची प्रथा या परिसराने जवळून पाहिली आहे, ती बंद करण्यासाठी कर्नाटकाला १९८२ चा कायदा करावा लागला, आणि नाचणाऱ्या बाईकडे पाहण्याची समाजाची नजर कायद्याने बदलत नाही. म्हणून या पालकांना मागासलेले म्हणून हिणवण्याऐवजी शाळेने त्यांना तासाला येऊन बसू द्यावे. आपली मुलगी चाळीस मुलांबरोबर गणवेशात, ओढणी कमरेला बांधून, तोंडाने मात्रा मोजत पाय टाकते आहे हे पाहिल्यावर पुष्कळांचा विरोध मावळतो, असा माझा अनुभव आहे. याउलट आठवीतल्या मुलींना चित्रपटातील गाण्यावर, त्या गाण्यातल्याच हावभावांसह नाचवणाऱ्या शाळा ही अढी अधिक घट्ट करतात, आणि तेथे मी पालकांच्या बाजूची आहे.

मुलग्यांचा प्रश्न निराळा आहे. गणपतीच्या मिरवणुकीत रात्रभर नाचणारा मुलगा वर्गात मुलींसमोर हात उचलायलाही तयार होत नाही. त्याला सांगावे की बंगळूरचे यू. एस. कृष्णराव हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि भरतनाट्यमचे नामवंत नर्तक व गुरूही होते. कथक म्हटल्यावर आज देशाला ज्यांचे नाव प्रथम आठवते ते बिरजू महाराज पुरुषच होते. व्याख्यानाने फारसे साधत नाही हे मला ठाऊक आहे. एक साधी युक्ती उपयोगी पडते, ती म्हणजे रांगा दर दहा मिनिटांनी बदलणे. पुढची रांग मागे जाते, मागची पुढे येते, आणि मागच्या कोपऱ्यात लपून बसण्याची सोय कोणालाच राहत नाही. तसेच शिक्षकाने वर्गाकडे तोंड करून उजवा हात दाखवला की अर्धा वर्ग डावा हात उचलतो. म्हणून नवी हालचाल शिकवताना वर्गाकडे पाठ करावी किंवा स्वतः उलटा हात वापरावा. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना हे माहीत असते, बाहेरून तासिकेवर येणाऱ्या नृत्यदिग्दर्शकांना पुष्कळदा नसते. मासिक पाळीच्या दिवसांत मुलीने कारण न सांगता बसून पढंत करावी, एवढी मुभाही आधीच जाहीर करून ठेवावी. घुंगरू पहिल्या वर्षी नकोत. खर्च वाचतो हे एक; शिवाय घुंगरांच्या आवाजात पाऊल नीट पडले की नाही ते शिक्षकाला ऐकू येत नाही.

या सगळ्याला शाळांचे उत्तर ठरलेले असते : प्रतिभा कारंजी, म्हणजे कर्नाटकातील शालेय कलागुणांची स्पर्धा. केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्यांनी होणाऱ्या या स्पर्धेत लोकनृत्याचा चमू पाठवायचा असतो आणि क्रमांक आला तर शाळेचे नाव होते. स्पर्धेला माझा विरोध नाही. तिच्यासाठी नववी-दहावीची मुले घ्यावीत, सराव शाळा सुटल्यावर करावा, आणि आठवीच्या तासातील मिनिटे तिच्याकडे वळवू नयेत. आठवीला गुण द्यायचेच असतील तर ते रंगमंचावरील सादरीकरणाला न देता, जूनमध्ये मुलाला ठेका किती वेळ धरता येत होता आणि मार्चमध्ये किती वेळ धरता येतो, याची नोंद ठेवून द्यावेत. अशा नोंदीत वर्गातील सर्वांत संकोची मूल पहिले येऊ शकते.

जिल्ह्यातील गटशिक्षणाधिकारी आणि संस्थाचालक यांना माझी विनंती आहे की, शैक्षणिक वर्षाच्या आरंभी आठवीला नृत्य शिकवणारे सर्व शिक्षक, मग ते शारीरिक शिक्षणाचे असोत, संगीताचे असोत वा बाहेरचे, त्यांना दोन दिवस एकत्र बोलावून पहिल्या सत्रात काय शिकवायचे आणि काय शिकवायचे नाही हे ठरवून द्यावे. स्नेहसंमेलनात आठवीचा कार्यक्रम हवाच असेल तर सगळा वर्ग रंगमंचावर आणावा आणि त्याच्याकडून तीनतालाची चार आवर्तने, पढंतीसह, करून घ्यावीत. पाचव्या मात्रेला काही पाय चुकतील. प्रेक्षकांतील पालकांना त्याचे कारण निवेदकाने आधीच सांगून ठेवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर