पट्टीवर थाप नको, जॉबकार्ड हवं

माननीय संपादक,
स. न.

घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रस्ता, सायन-पनवेल महामार्ग इथून रोज धावणाऱ्या नव्याकोऱ्या गाड्यांचीही पावसाळ्यात चाकावरची काळी क्लॅडिंग (पत्र्यावर बसवलेलं प्लास्टिकचं आवरण), दाराखालची पट्टी किंवा बंपरचा कोपरा सुटलेला दिसतो. गाडी वॉरंटीत असते. सर्व्हिस सेंटरमधला अॅडव्हायजर तळहाताने दोन थापा मारून पट्टी आत बसवतो, 'झालं साहेब' म्हणतो आणि जॉबकार्डावर, म्हणजे तक्रार आणि कामाची नोंद असलेल्या कागदावर, त्याची नोंदच होत नाही. काही दिवसांत पट्टी पुन्हा वर येते. असं करता करता वॉरंटीची मुदत संपते आणि पहिली तक्रार केव्हा केली होती याचा कागद ग्राहकाकडे नसतो. वाढीव वॉरंटी घेतली म्हणून निर्धास्त राहू नये. तिच्यात बहुधा इंजिन, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रिकल भाग येतात, बाहेरचं प्लास्टिक आणि रबर वगळलेलं असतं.

थाप का टिकत नाही? क्लॅडिंग प्लास्टिकच्या क्लिपांवर बसते, काही ठिकाणी स्क्रू असतात आणि कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप. क्लिप एकदा ओढून निघाली की तिच्या खाचा झिजतात किंवा दुमडतात, तीच परत ठोकली तर पकड अर्धवटच राहते. म्हणून क्लिपा नव्याच हव्यात. टेपच्या बाबतीत जुना गोंद पूर्ण खरवडून, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडी करून नवी टेप सगळीकडे सारखी दाबावी लागते. चांगल्या अॅक्रिलिक फोम टेपला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. आणि आपल्याकडे काम झालं की गाडी तासाभरात प्रेशर वॉशला! त्यामुळे या कामाच्या वेळी 'वॉशिंग करू नये' हे जॉबकार्डावर लिहून घ्यावं.

क्लेम नाकारताना नेहमीचं उत्तर असतं, 'बाहेरून धक्का लागलाय'. ते खरं असेलही, पण तपासता येतं. पट्टी किंचित उचलून टेप कुठे राहिली ते पाहा. टेप सगळी पट्टीला चिकटलेली आणि रंगाची बाजू स्वच्छ असेल, तर बसवताना पृष्ठभागावर धूळ किंवा ओल होती, नाहीतर दाब कमी पडला, अशी शक्यता जास्त. फोम मधोमध फाटून दोन्हीकडे उरला असेल, तर जोर लावून ओढलं गेल्याची शंका रास्त. क्लिप अखंड आहे पण भोकात पूर्ण गेलेलीच नाही, हा जोडणीतला दोष. क्लिपचा दांडा तुटून तिथे पांढरट रेघ दिसते आणि शेजारी खरचटाही आहे, म्हणजे सोसायटीच्या बेसमेंटमधला कठडा किंवा खड्डा. दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेचा फोटोही काढावा. तिथेही फट दिसली, तर धक्क्याचा मुद्दा बराच ढिला पडतो.

धक्का म्हटलं की पुढचा सल्ला विम्याचा येतो. काही क्लिपांसाठी क्लेम करणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने स्वतःच्या खिशातून जातात, त्याहून मोठ्या इंजिनाला २,०००. वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गेला, जो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो.

काउंटरवर तक्रार नेमकी सांगावी. 'पट्टी ढिली' एवढ्यावर थांबू नये. 'डाव्या मागच्या चाकावरची क्लॅडिंग पुढच्या टोकाला सुटली आहे, खरचटलेलं नाही, वॉरंटीत तपासावी' असं लिहायला लावावं. तारीख, किलोमीटर आणि सहीसह प्रत घ्यावी. तुटलेली क्लिप फेकू नये, कंपनीकडे क्लेम पाठवताना डीलरला जुना भाग दाखवावा लागू शकतो. गाडी ठाण्यात घेतलेली असली तरी तुर्भ्याच्या अधिकृत सेंटरलाही वॉरंटीचं काम सहसा होतं. डोअर व्हायझर (खिडकीवरची पावसाची पट्टी), मडफ्लॅप यांची गोष्ट वेगळी. ते अॅक्सेसरी असतात, त्यांची वॉरंटी स्वतंत्र आणि बहुधा कमी मुदतीची, म्हणून त्यांचं बिल जपावं.

तोपर्यंत लटकणारा भाग मास्किंग टेपने धरून ठेवावा, पण फार दिवस नाही, उन्हात तिचा गोंद रंगावर भाजतो. इन्स्टंट ग्लू अजिबात नको. क्लॅडिंगच्या पॉलिप्रोपिलिनला तो नीट धरत नाही, रंगावर मात्र पांढरा डाग पाडतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंजवतं आणि त्याच्या थरावर पुढे टेप चिकटत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे नाक्यावरच्या गॅरेजात फेंडरमध्ये (चाकावरच्या पत्र्यात) मारून घेतलेला स्क्रू. रंगाचे सगळे थर फोडून तो पत्र्यापर्यंत जातो, आपल्या दमट हवेत तिथूनच गंज धरतो आणि वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागावं आणि ते जॉबकार्डाच्या फोटोसह कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करावं. पुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करता येते. एका पट्टीसाठी तिथवर क्वचितच कोणी जाईल. पण नकार लेखी मागितला, की 'वरच्यांना विचारून सांगतो' हे उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

आपला,
एक वाचक, माजिवडा, ठाणे